गालगुंड वयात आलेल्या पोराला झाले तर...

आठवडी बाजाराच्या दिवशी आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात पाय ठेवायला जागा नसते. अशाच एका बाजारी साठीतली एक बाई आपल्या सुनेला घेऊन आली. बाकावर टेकता टेकताच तिने सुरुवात केली.

"डाक्टर, हिला जरा नीट बघा. लग्नाला तीन वर्सं झाली, अजून कूस उजवली न्हाई. शहरातल्या बाईडाक्टरला दाखवलं, पिशवी धुऊन झाली, गोळ्या झाल्या, जोतिबाला नवस झाला. आता तुमीच काय ते सांगा."

सून मान खाली घालून बसली होती. मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कागदांचा गठ्ठा. मी तो एकेक करून पाहिला. सोनोग्राफी दोनदा, रक्ताच्या तपासण्या, गर्भनलिकांचा एक्स-रे. सारे काही ठीक होते. पण त्या एवढ्या गठ्ठ्यात नवऱ्याच्या नावाचा एकही कागद नव्हता.

"आत्याबाई, मुलगा कुठे आहे?" मी विचारले.

"त्यो व्हय? भाईर गाडीपाशी हुबा हाय. त्याचं काय काम? त्यो धडधाकट हाय, पोतं एकटा उचलतोय."

वाचकहो, हे उत्तर मी गेल्या पंचवीस-तीस वर्षांत किती वेळा ऐकले असेल याची गणती नाही. उपमा जरा रांगडी आहे, पण शेतकऱ्याच्या घरात ती चटकन पटते म्हणून सांगतो. पूर्वी गावाचा एक वळू असे. त्याच्याकडे नेलेल्या सगळ्याच गाई उलटू लागल्या, तर कोणी गाईंना दोष देत बसत नसे. आधी वळूकडे पाहत. गोठ्यात जे शहाणपण आपल्याला सुचते ते उंबऱ्याच्या आत आले की कुठे जाते कोण जाणे. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी साधारण निम्म्यांत दोष पूर्णपणे किंवा काही अंशी पुरुषाकडे असतो. तरी नवस, उपास आणि सुया बाईच्या वाट्याला.

मुलाला आत बोलावले आणि दोघी बायकांना बाहेर बसवले. वय असेल एकोणतीस. अंगाने खरोखरच भरदार, मिशी झुबकेदार. इकडचे तिकडचे विचारून झाल्यावर मी विचारले, "मोठेपणी कधी गालगुंड झाले होते का?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "झालं होतं, साहेब. एमआयडीसीत कामाला असताना. बाविसाव्या वर्षी. खोलीतल्या पाचांपैकी तिघांना झालं. दोघांचं गालावर निभावलं. माझं मात्र सहाव्या दिवशी खाली उतरलं."

"मग? कोणाला दाखवले?"

"कुणाला दाखवणार? लाज वाटली. आईला कसं सांगायचं? खोलीतल्या एकानं तंबाखूचा पाला गरम करून बांधायला सांगितला, तो बांधला. आठ दिवस पडून होतो. मग उतरलं आपोआप."

आपोआप उतरले खरे. पण तपासले तेव्हा डावीकडचा वृषण, म्हणजे आपण बोलीत ज्याला गोटी किंवा अंड म्हणतो तो, जेमतेम सुपारीएवढा आणि मऊ लागला. उजवा बरा होता, तोही पूर्ण वाढीचा नव्हता.

हा गालाचा आजार खाली उतरतो म्हणजे काय होते, ते आता नीट समजून घेऊ.

गालगुंड, कुठे गालफुगी म्हणतात, हा विषाणूचा रोग आहे. कानाच्या पुढे आणि खाली, जबड्याच्या कोपऱ्याशी लाळ तयार करणारी मोठी ग्रंथी असते. ती सुजते, कानाची पाळी वर उचलल्यासारखी दिसते, तोंड उघडताना आणि चिंच-लिंबू खाताना कळ येते. कधी दोन्ही गाल, कधी एकच. एकाच बाजूला झाले तरी रोग एकदा होऊन गेला असेच समजायचे. बहुधा जन्मात पुन्हा होत नाही. रोग्याच्या थुंकीतून, शिंकेतून, उष्ट्या भांड्यातून तो पसरतो. लागण झाल्यावर सूज दिसायला साधारण सोळा ते अठरा दिवस लागतात, कधी पंचवीसही. आणि गंमत म्हणा की दुर्दैव म्हणा, गाल सुजण्याच्या एक-दोन दिवस आधीच माणूस इतरांना रोग देऊ लागतो. सूज आल्यापासून पाच दिवसांपर्यंत देत राहतो. म्हणून एका खोलीत झोपणारे, एका ताटात जेवणारे, वसतिगृहातले, आश्रमशाळेतले, ऊसतोडीच्या कोप्यांवरचे, भरतीच्या तळावरचे लोक यात लवकर सापडतात.

हे काही आजचे नाही. ग्रीस देशातल्या हिपॉक्रेटिस या वैद्याच्या नावावर असलेल्या ग्रंथात थासोस बेटावरच्या साथीचे वर्णन आहे. त्याला चोवीसशे वर्षे झाली. लिहिणारा म्हणतो की कानाजवळ सूज येई, आणि ती मुख्यतः पोरांना व तरुणांना, त्यातही कुस्तीच्या आखाड्यात आणि तालमीत जाणाऱ्यांना, बायकांना क्वचितच. काहींना पुढे वृषणांना वेदनेची सूज येई, कोणाला एका बाजूला तर कोणाला दोन्ही. कोल्हापूर-सांगलीकडच्या तालमीत राहणाऱ्या पोरांचे आईबाप हे वाचतील तर त्यांना थासोस फार लांब वाटणार नाही. पुढे १७९० साली रॉबर्ट हॅमिल्टन या ब्रिटिश डॉक्टरने एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढे या दुखण्याचे सविस्तर टिपण वाचले, आणि १९३४ साली जॉन्सन व गुडपाश्चर या अमेरिकी संशोधकांनी माकडांवर प्रयोग करून रोगाचे कारण विषाणू असल्याचे दाखवले.

विषाणू रक्तात शिरला की शरीरात फिरतो. लाळेच्या ग्रंथींसारख्या इतर ग्रंथीही त्याला आवडतात: स्वादुपिंड, बायकांत क्वचित बीजांडकोश, आणि वयात आलेल्या पुरुषांत वृषण. लहान मुलाचे वृषण झोपलेले असतात, त्यांचे काम सुरूच झालेले नसते. म्हणून पाच-सात वर्षांच्या पोराला गालगुंड झाले तर खाली उतरण्याची भीती जवळजवळ नसते. वयात आल्यावर मात्र चित्र पालटते. लस न घेतलेल्या शंभर तरुणांना गालगुंड झाले तर त्यांतल्या पंधरा ते तीस जणांच्या वृषणाला सूज येते. ती बहुधा गाल सुजल्यावर चार ते आठ दिवसांनी येते. ताप उतरत आलेला असतो, माणूस बरा झालो म्हणून उठलेला असतो, आणि अचानक हुडहुडी भरून पुन्हा ताप चढतो, मळमळते, ओटीपोटात दुखते, आणि एक वृषण लाल, गरम, दगडासारखा होतो. कधी कधी गाल सुजलेलेच नसतात आणि रोग थेट इथेच दिसतो. मग तर कोणाला गालगुंडाचा संशयही येत नाही.

आता नुकसान कसे होते? भिजवलेले हरभरे तोंड घट्ट बांधलेल्या पिशवीत ठेवले तर फुगून जातील कुठे? एकमेकांना चिरडतील. वृषणाभोवती पांढऱ्या, चिवट आवरणाची अशीच घट्ट पिशवी असते. गाल सुजला तर कातडी ताणते, सूज बाहेर येते. वृषणाची सूज बाहेर येऊ शकत नाही, आत दाब वाढतो, रक्त पोचेनासे होते. आत बारीक सुतासारख्या नळ्यांचे जाळे असते, त्यांत पुरुषबीज, म्हणजे शुक्रजंतू तयार होतात. दाबाने आणि विषाणूने त्या नळ्यांतल्या काही मरतात. मेलेली नळी पुन्हा उगवत नाही. सूज ओसरल्यावर काही महिन्यांत वृषण लहान होतो. ज्यांना सूज येते त्यांच्यापैकी तीस ते पन्नास टक्के लोकांत असा थोडाफार आकसलेला वृषण राहतो.

पण आकसला म्हणजे संपला, असे नाही. नळ्यांच्या मधल्या जागेत पुरुषी रस तयार करणाऱ्या वेगळ्या पेशी असतात. त्या जास्त चिवट असतात आणि बहुधा वाचतात. म्हणूनच त्या पोराची मिशी, आवाज, अंगातली ताकद, वैवाहिक सुख यांत काही कमी नव्हते. "पोतं एकटा उचलतोय" हे आईचे म्हणणे खरेच होते. पोते उचलणे आणि बीज असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत एवढेच.

आणि दुसरी गोष्ट. सूज आलेल्यांपैकी बहुतेकांना ती एकाच बाजूला येते. दोन्ही बाजूंना येणारे शंभरात दहा ते तीस. एक वृषण शाबूत असेल तर मूल होण्याला सहसा अडचण येत नाही. बीज कमी पडणे हे काही जणांत होते. अजिबात न उरणे, म्हणजे पूर्ण वांझपण, क्वचित.

हे मी मुद्दाम ठासून सांगतो, कारण उलट्या बाजूचे नुकसानही पाहिले आहे. काही वर्षांमागे एका घरात ठरलेले लग्न मोडले. कारण काय, तर नवरदेवाला सातव्या वर्षी गालगुंड झाले होते आणि ते मुलीच्या मामाच्या कानावर गेले. "त्याला पोर व्हायचं न्हाई," म्हणून पोरीचा बाप हटून बसला. मी त्याला समजावले, की सातव्या वर्षी होऊन गेले हे उलट बरे झाले, आता त्याला मोठेपणी व्हायची भीती राहिली नाही. ऐकले नाही. पोराचे पुढे दुसरीकडे लग्न झाले आणि दोन मुले झाली. पहिल्या पोरीच्या बापाला ते कळले तेव्हा तो माझ्याशी दोन बाजार बोलला नाही.

मग मोठ्या पोराला गालगुंड झाले तर काय करावे? पहिली गोष्ट, त्याला नांगरटीला, भारे वाहायला, मोटारसायकलवर पाठवू नये. आठवडा-दहा दिवस घरी राहू द्यावे, वेगळे ताट-तांब्या द्यावा. मऊ भात, खिमट, वरण, भरपूर पाणी, आंबट नको. तापाला पॅरासिटामॉल. सोळा वर्षांखालच्या मुलांना तापात अॅस्पिरिन कधीही देऊ नये. गालावर हळद, चुना, गेरू यांचे लेप लावतात. हळद-गेरूने नुकसान नाही, फायदाही नाही, पण चुन्याने कातडी भाजलेली मी पाहिली आहे. ज्याच्या घरात गरोदर बाई आहे त्यांनी रोग्याला तिच्यापासून लांब ठेवावे, एवढी काळजी बरी.

खाली सूज आली तर ती लपवू नये, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवावी. पडून राहणे, वृषण वर उचलून धरतील असा लंगोट किंवा घट्ट चड्डी, आत कापसाची घडी, गार पाण्याची पट्टी (बर्फ थेट कातडीला नको) आणि दुखणे कमी करणारी गोळी, एवढ्यावर चार ते दहा दिवसांत सूज उतरते. शेकू मात्र नये. वृषण निसर्गाने शरीराबाहेर टांगले आहेत ते गार राहावेत म्हणूनच. गरम पाला बांधणे हा त्यावर उपाय नव्हे. अँटिबायोटिकच्या सुया विषाणूला मारत नाहीत. सूज कमी करणाऱ्या स्टेरॉइड गोळ्यांनी ठणका कमी होतो, पण बीज वाचते असे सिद्ध झालेले नाही. खरे सांगायचे तर एकदा सूज आल्यावर किती नळ्या मरतील हे आपल्या हातात फारसे नसते.

डॉक्टरकडे त्याच दिवशी जा म्हणतो त्याला आणखी एक कारण आहे. पोराला गालगुंड नाही, ताप नाही, आणि एकाएकी एका बाजूला असह्य कळ आली, उलटी झाली, तर ते बहुधा वृषणाला पीळ पडल्याचे लक्षण असते. दोरी पिळली की विहिरीची बादली वर येत नाही तसे रक्त आत जाईनासे होते. साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर वृषण वाचतो. उद्या बघू म्हटले तर जातो. रात्र असो, पाऊस असो, गाडी काढावी.

गोठा असणाऱ्यांसाठी जाता जाता एक. गाई-म्हशी गाभडण्याच्या रोगांतला एक, ब्रुसेलोसिस, माणसालाही होतो आणि तोही वृषणाला सूज आणतो. गाभडलेल्या जनावराचा झार नुसत्या हाताने ओढणे, कच्चे दूध पिणे, यातून तो येतो. यात येतो-जातो असा ताप, रात्री घाम आणि सांधेदुखी असते. त्याला मात्र अँटिबायोटिकचा पूर्ण, लांबलचक कोर्स लागतो आणि त्याने गुण येतो. तेव्हा डॉक्टरला आपण गोठ्यात काय काम करता हे आवर्जून सांगावे.

त्या मुलाला मी वीर्य तपासायला सांगितले. तो दचकला. ही तपासणी बाईच्या कोणत्याही तपासणीपेक्षा सोपी, स्वस्त आणि बिनवेदनेची आहे, हे सांगूनही पुरुषांचा चेहरा उतरतो. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा, शक्यतो प्रयोगशाळेतच. घरून नेला तर अंगाशी उबेत धरून तासाभराच्या आत पोचवायचा. एका मिलिलिटरला साधारण एक कोटी साठ लाख शुक्रजंतू ही तपासणीतली खालची रेघ. त्याचे निघाले पन्नास लाख, आणि धावणारे त्यांत थोडे. मी म्हटले, घाबरू नकोस, एका कागदावर निकाल लावायचा नसतो. एक शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिने लागतात. त्या काळात ताप आला, दारू झाली, भट्टीजवळ काम झाले तर आकडा घसरतो. तीन महिन्यांनी पुन्हा कर, तोवर तंबाखू सोड.

खरा उपाय मात्र आधीचा आहे, आणि तो लहान पोराच्या दंडात टोचायचा आहे. त्याची कथा थोडी घरगुती आहे. १९६३ साली अमेरिकेत मॉरिस हिलमन या शास्त्रज्ञाच्या पाच वर्षांच्या मुलीचे, जेरिल लिनचे, रात्री गाल सुजले. बापाने तिला झोपवले, प्रयोगशाळेतून बोळे आणून तिच्या घशातला नमुना घेतला आणि तोच विषाणू कोंबडीच्या पेशींत वाढवून कमजोर केला. १९६७ साली त्याची लस बाजारात आली आणि पुढे १९७१ मध्ये गोवर, गालगुंड, रुबेला अशी तिहेरी लस झाली. जगात आजही त्या मुलीच्या नावाचा वाण वापरतात. आपल्याकडे पुण्यातही तिहेरी लस बनते. तिच्यातला गालगुंडाचा वाण वेगळा आहे.

आता इथे एक गोम आहे. २०१७ पासून सरकारी लसीकरणात जी लस आली ती गोवर आणि रुबेला या दोनच रोगांची. गावातल्या आशाताईने आपल्या बाळाला टोचली म्हणजे गालगुंडाचेही झाले, असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाही. तिहेरी लस निराळी, इंग्रजीत तिला एमएमआर म्हणतात. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना ती नवव्या महिन्यात, पंधराव्या महिन्यात आणि चार ते सहा वर्षांच्या दरम्यान द्यावी असे सांगते. आपल्या कार्डावर कोणती लस लिहिली आहे ते पाहावे आणि आरोग्य केंद्रात विचारावे. २०२४ च्या सुरुवातीला केरळात गालगुंडाची मोठी साथ आली, आपल्या महाराष्ट्रातही रुग्ण वाढले. तेव्हा विचारणारे फार होते, साथ ओसरली आणि विचारणे थांबले.

ज्याला लहानपणी गालगुंड झाले नाही आणि लसही मिळाली नाही, असा मुलगा वसतिगृहात, भरतीला, कारखान्यात निघाला असेल तर मोठेपणीही ही लस देता येते, चार आठवड्यांच्या अंतराने दोनदा. खोलीतल्या एकाचा गाल सुजल्यावर धावत येऊन टोचली तर त्या लागणीपुरता उपयोग होत नाही. गरोदर बाईला ही लस देत नाहीत. लस घेऊनही एखाद्याला गालगुंड होते, पण खाली उतरण्याचे प्रमाण पुष्कळ कमी असते.

तीन महिन्यांनी ते तिघे परत आले, असेच बाजारच्या दिवशी. या खेपेला मुलगा आधी आत आला. आकडा सत्तर लाखांवर गेला होता. मी त्याला सांगितले, की एवढ्यावर दिवस राहणे अवघड आहे पण अशक्य नाही. शहरात वीर्य धुऊन गर्भाशयात सोडतात तो उपाय आहे, आणि तोही फसला तर १९९२ पासून एकेक शुक्रजंतू सुईने स्त्रीबीजात घालायची रीत निघाली आहे, तिला खर्च फार. किती खर्च करायचा आणि कुठे थांबायचे हे दोघांनी बसून ठरवावे.

"आईला तुम्ही सांगता का?" तो म्हणाला.

"मी सांगू शकत नाही. तुझा कागद आहे."

त्याने बराच वेळ टोपी हातात फिरवली. मग स्वतःच दार उघडले आणि दोघींना आत बोलावले. "आये, हिचं काय न्हाई," तो म्हणाला. "माझ्यात हाय. एमआयडीसीत असताना गाल सुजलं हुतं, त्याचं."

म्हातारी काही बोलली नाही. माझ्याकडे पाहिले, पोराकडे पाहिले. सुनेच्या मांडीवर तीच कागदांची पिशवी होती. तिने हात पुढे करून ती घेतली, आपल्या बाजाराच्या थैलीत भाजीखाली सारली आणि उठता उठता सुनेला म्हणाली, "चल, च्या घिऊ. सकाळपासनं पोटात काय न्हाई तुझ्या."